पानी उनं का?

हिरामण नानांना कोणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं, की ते उत्तर द्यायचे, "टाकी दोन मीटर दहा."

दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "टाकी दोन मीटर चार."

आधी मला वाटलं, माणूस बहिरा आहे. मग वाटलं, विक्षिप्त आहे. आठवड्याभरात मात्र जहाजावरचे आम्ही सगळेच प्रशिक्षणार्थी सकाळी उठलो, की तोंड धुण्याआधी नानांना शोधायला लागलो. कारण तोंड धुवायला किती पाणी मिळणार, हे त्या आकड्यावर ठरायचं.

जहाज शिडांचं होतं. तीन डोलकाठ्या, दोरांचं जंगल, आणि पन्नासच्या आसपास माणसं. आम्हाला समुद्र शिकवायला ते कोचीहून मॉरिशसला निघालं होतं. इंजिन होतं, पण ते बंदरात शिरण्यापुरतं. बाकी सगळा कारभार वाऱ्याचा. मी बोदवडचा. वडील कापसाच्या जिनिंगवर हमाली करतात. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. पिंप्राळ्यात खोली घेऊन बी.एस्सी. केलं, परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, आणि एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. पाहिला तो थेट त्याच्यावर जाऊन बसण्यासाठीच.

पहिल्या दिवशी डेकवर पेटी घेऊन उभा होतो. एक काळासावळा, बुटका, कानावर सुताराची पेन्सिल खोचलेला माणूस समोर आला.

"कोनतं गाव?"

"बोदवड."

त्याचे डोळे चमकले. नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. तो धुळ्याच्या बोलीत म्हणाला, "तठे पानी कितला दिवसले येस?"

म्हणजे तिथे नळाला पाणी किती दिवसांनी येतं. मी म्हटलं, "कधी आठवड्यानं. उन्हाळ्यात विचारू नका."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. "मग तू टिकशी."

त्या दिवसापासून त्यांनी मला कायम 'बोदवड' अशीच हाक मारली. माझं खरं नाव त्यांना प्रवास संपेपर्यंत माहीत नव्हतं, असं मला अजूनही वाटतं.

नाना जहाजाचे सुतार. शिडाच्या जहाजावर गोड्या पाण्याच्या टाक्या मोजण्याचं काम पूर्वीपासून सुताराकडे असतं. दोरीला बांधलेली पितळी सळई नळकांड्यातून टाकीत सोडायची, वर काढायची, ओली किती झाली ते बघायचं. दिवसातून एकदा मोजायचा नियम. नाना तीनदा मोजायचे. मधल्या वेळात समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र घरघरत असायचं, पण नानांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "मशीन शे. आज चालस, उद्या रुसस."

आमचा दिवस उजाडायच्या आत सुरू व्हायचा. घंटा झाली की अनवाणी डेकवर. खाऱ्या पाण्याच्या बादल्या ओतायच्या, झाडूनं फळ्या घासायच्या, मग पितळ चमकवायचं. सूर्य वर आला की दोर ओढून तळहाताची सालं निघायची. कोणाची पाळी सुकाणूवर, कोणाची डोलकाठीवर, कोणाची भटारखान्यात कांदे सोलायला. दुपारी डेक इतका तापायचा की शिडाची सावली जिकडे सरकेल तिकडे आम्हीही सरकायचो. अंगावर घाम वाळायचा, घामावर समुद्राचं मीठ वाळायचं. संध्याकाळी भुवया पांढऱ्या दिसायच्या.

अशा वेळी अंघोळीला माणशी अर्धी बादली गोडं पाणी, तेही दिवसाआड. पहिल्याच आठवड्यात पुण्याचा संकेत रडकुंडीला आला. "नाना, अर्ध्या बादलीत माझे केससुद्धा भिजत नाहीत!"

नानांनी त्याला डेकवर उभं केलं, आम्हा सगळ्यांना गोल बसवलं आणि अंघोळ शिकवली. एक तांब्या ओला व्हायला. मग पाणी बंद, साबण. दुसरा तांब्या डोक्याच्या मधोमध ओतायचा, पण बारीक धारेनं, आणि हातानं पाण्याच्या मागोमाग खाली यायचं. "पानीले रस्ता दाखाड. डोकं, मान, पाठ. पानी एकच शे, पन त्यान्याकडथून चार कामं करी ल्या." तिसरा तांब्या उरलासुरला साबण काढायला. बादलीत पाणी शिल्लक राहिलं. त्यात नानांनी संकेतचा बनियन धुतला. राहिलेलं पाणी त्यांनी आपल्या पुदिन्याच्या डब्याला घातलं.

"आता दाढी," नाना म्हणाले.

"दाढीला किती?" संकेतनं घाबरत विचारलं.

"दीड चमचा."

देवमासा दिसला तेव्हाचा प्रसंग मी कधी विसरणार नाही. सगळं जहाज कठड्याला लागलं होतं. जहाजाच्या एका बाजूला जाडजूड काळी पाठ वर आली आणि उंच फवारा उडाला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी फोटो काढले. एक जण तर भारावून हात जोडून उभा राहिला. नाना माझ्या शेजारी होते. फवाऱ्याकडे बघत ते एवढंच म्हणाले, "केवढं पानी वाया घालस!"

विषुववृत्ताच्या जवळ सरी येतात. दुरून करड्या पडद्यासारखी सर चालत येताना दिसते, दहा मिनिटं झोडपते आणि निघून जाते. पहिल्या सरीला आम्ही सगळे साबण घेऊन डेकवर धावलो. नाना उलट्या दिशेनं, भटारखान्याकडे धावले. बादल्या, पातेली, पिंपाची झाकणं, एवढंच काय डाळीचा रिकामा टोपसुद्धा उचलून आणला. जुन्या शिडाचा तुकडा त्यांनी आधीच डोलकाठीखाली पन्हाळीसारखा बांधून ठेवला होता. आम्ही नाचत होतो, नाना भांडी बदलत होते. सर एकाएकी थांबली. संकेत डोक्यापासून पायापर्यंत फेसात, डोळे मिटून उभा. "नाना," तो आर्जवानं म्हणाला, "डोळ्यांत जातंय."

नानांनी एक तांब्या घेतला. एकच. बारीक धारेनं तो असा ओतला की सगळा फेस पायाशी आला. संकेतनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. थट्टेनं सुरुवात केली असावी, पण हात लागेपर्यंत थट्टा संपली होती.

नानांच्या बाटल्यांबद्दलही सांगायला हवं. त्यांच्या झोपायच्या फळीखाली, हत्यारांच्या पेटीमागे, शिडांच्या कोठीत, जिथे जागा मिळेल तिथे पाण्यानं भरलेल्या बाटल्या असत. प्रत्येकीवर पेन्सिलीनं भरल्याचा वार लिहिलेला. सगळं पाणी त्यांच्या स्वतःच्या वाट्यातलं, नाहीतर सरीत धरलेलं. मी एकदा म्हटलं, "नाना, टाकी भरलेली आहे. हे कशाला?"

"अन उद्या नही उनं तर?"

"कुठून येणार आहे? नळ थोडाच आहे इथे?"

नानांनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. बोदवडचा असून हा असं बोलतो, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

दर रविवारी आम्हाला घरी फोन करता यायचा. रेडिओ रूममध्ये उपग्रहाचा फोन होता. माणशी तीन मिनिटं झाली, की तो आपोआप बंद व्हायचा. भिंतीवर प्रत्येकाच्या घरच्या नंबरांची यादी चिकटवली होती. बाहेर रांग लागायची आणि आतलं सगळं ऐकू यायचं. कोणी रडायचं, कोणी मैत्रिणीशी कुजबुजायचं. माझी आई पहिली दोन मिनिटं "जेवला का? काय जेवला? पोटभर जेवला का?" एवढंच विचारायची, आणि तिसऱ्या मिनिटाला शेजारणीला फोन द्यायची.

नाना आत जायचे, नंबर लावायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "पानी उनं का?" पाणी आलं का. मग थोडा वेळ ऐकायचे. "हा." पुन्हा ऐकायचे. "हा. ठेव मंग." बाहेर. मिनिटसुद्धा पुरतं झालेलं नसायचं. रांगेतली पोरं खो खो हसायची. संकेत तर पुढे आमच्या टोळीत कोणी कोणाला भेटलं की तोच प्रश्न विचारायला लागला. केरळची, पंजाबची पोरंही एकमेकांना विचारायची, "पानी उनं का?" नाना रागावत नसत. त्यांना वाटायचं, पोरांना अखेर पाण्याची काळजी लागली.

शिक्षेचा नियमही नानांनीच करून घेतला होता. कप्तानसाहेबांनी पहिल्याच सभेत विचारलं, पाणी वाया घालवणाऱ्याला काय करायचं? कोणी म्हणालं, डेक घासायला लावा. नाना मागून म्हणाले, "साहेब, डेक ते असेही घासतात. फोन काढा. दोन रविवार." नियम झाला. त्याखेरीज प्रशिक्षणाच्या वहीत शेरा. त्या वहीवर पुढची नोकरी अवलंबून असते.

आणि मग माझ्या हातून ते घडलं.

तिसरा आठवडा होता. गोड्या पाण्याचं यंत्र दोन दिवसांपूर्वी रुसलं होतं आणि वारा पडला होता. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबत होती. भटारखान्यात पाळी माझी. दाराशी पिण्याच्या पाण्याचा मोठा निळा ड्रम असे. तो दर तीन दिवसांनी टाकीतून भरायचा. नानांनी नळी आणून ठेवली आणि ओरडले, "बोदवड, पानी सोडस रे! ड्रम तयार कर!"

पाणी सुटणार, हे कानावर पडलं आणि माझे हात आपोआप चालायला लागले. आमच्याकडे नळ आला की आई काय करते? आधीचं उरलेलं पाणी अंगणात ओतते, ड्रम घासते, आणि मग ताजं भरते. आठवडाभर जपून, मोजून वापरलेलं पाणी नवं पाणी दिसलं की एका क्षणात शिळं होतं. लहानपणापासून ते ओतायचं काम माझंच. मी ड्रम कलता केला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. सगळं पाणी डेकवर पसरलं, फळ्यांवरून चमकत गेलं आणि कडेच्या भोकांतून समुद्रात पडलं. मी मन लावून ब्रश घेऊन ड्रम घासत होतो.

"अरे, काय केलंस?" संकेत किंचाळला.

"शिळं होतं," मी म्हणालो.

"शिळं? त्याच टाकीतलं आहे ते, गाढवा! तेच पाणी!"

मी ब्रश हातात धरून उभा राहिलो. कोणीतरी कप्तानसाहेबांना बोलावलं. डेकवर सगळे जमले. सगळ्यांचे ओठ फुटलेले होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबांनी शांतपणे विचारलं, "कोणी ओतलं?" मला त्या वहीतलं पान दिसत होतं, माझ्या नावाचं. वडिलांनी माझ्या निवडीच्या पत्राची प्रत लॅमिनेट करून भिंतीला लावली होती, तेही दिसत होतं. मी ब्रश पाठीमागे लपवला.

"मी सांगितलं होतं, साहेब," नाना पुढे आले. "ड्रमला वास येत होता. मीच म्हटलं, ओत."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. "नाना, तुम्ही?"

"हो साहेब."

"नियम माहीत आहे?"

"मीच केलाय."

साहेब निघून गेले. नानांचे दोन रविवार गेले. जहाजभर दोन दिवस हाच विनोद चालला. मलाही, खोटं का बोलू, हलकं वाटलं. वही वाचली होती. नानांचं तरी काय गेलं, असं मी मनाशी म्हटलं. एक प्रश्न तर विचारायचा असतो.

संध्याकाळी मी त्यांच्यापाशी गेलो. ते एक फळी तासत बसले होते. माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "तुनी माय अशीच करस ना? नवं पानी उनं की जुनं फेकी देस?"

"हो."

"मनी बायकोबी. कितला वरीस सांगी राहिनू, पानी शिळं होत नही. ऐकत नही." रंधा थांबला. "सांगाना मले काय अधिकार शे म्हना. सव्वीस वरीस व्हयनात. मी घर राहस तव्हय नळ येस नही, नळ येस तव्हय मी घर नही. एक हंडा मी कधी उचला नही. ती नळपाशी उभी, अन मी पानीमा."

तिसरा रविवार आला. मी आईशी बोललो, जेवल्याचं सांगितलं. नाना त्या वेळी रेडिओ रूमच्या दाराशी बिजागरी दुरुस्त करत होते. ती बिजागरी मला तरी धड दिसत होती.

सोमवारी ते मला म्हणाले, "बोदवड, तुनी मायनं कधी ऑपरेशन व्हयनं का?"

"नाही. का हो?"

"काही नही. सहज." आणि ते टाकी मोजायला गेले. ती त्या दिवसातली पाचवी वेळ होती.

शुक्रवारी सकाळी मी डेकवर आलो. नाना कठड्याला टेकून उभे होते, सळई हातात तशीच.

"गुड मॉर्निंग, नाना."

"गुड मॉर्निंग," नाना म्हणाले.

देवमासा पाहून न हललेला माणूस चक्क गुड मॉर्निंग म्हणाला होता.

चौथ्या रविवारी माझी पाळी आली. मी आत गेलो, दार लावलं. भिंतीवरच्या यादीत आईचा नंबर शोधायची गरज नव्हती, तो तोंडपाठ होता. मी बोट खाली नेलं आणि नानांच्या नावापुढचा नंबर लावला. आई बोदवडला फोन हातात घेऊन बसली असणार, हे ठाऊक होतं. तिचा फोन पहिल्यांदाच कोणासाठी तरी मी पुढे ढकलत होतो.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. "पानी उनं!" पलीकडून बाईचा आवाज आला. मी प्रश्न विचारायच्या आधीच.

"काकू, मी नाना नाही. त्यांच्या जहाजावरून बोलतोय. नाना बरे आहेत."

"मग तो काबर बोलत नही? दोन रविवार व्हयी गयात, मी फोन उशाशी लई पडेल शे!" आवाज चढला. "मुका व्हयी गया का?"

मी घाईघाईनं ड्रमची गोष्ट सांगितली. शिळं पाणी, नियम, शिक्षा, सगळं. काकू हसायला लागल्या आणि मधेच कळवळल्या. "आई गं! हसाडू नको रे पोरा, टाका दुखतस."

"कसले टाके?"

"पिशवीनं ऑपरेशन व्हयनं ना, दहा दिवस व्हयी गयात! त्यानी सांगं नही?"

मी बोटांवर दिवस मोजले. ऑपरेशन झालं होतं तिसऱ्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी. माझ्यासाठी सोडलेला फोन तो होता.

"तो कसाले सांगी," काकू म्हणाल्या. "अशा गोष्टी साहेबले सांगतस का, म्हणी. त्याले सांग, डॉक्टर बठ्ठं चांगलं म्हनना. अन सांग, पानी परवा उनं. मले उचलाले मना शे, पन गल्लीन्या बाया उन्यात अन भरी गयात."

मला नाना माहीत होते. "काकू, किती भरलं?"

"सात हंडा, दोन पिंप, अन माठ."

"आणि आधीचं?"

"ते शिळं व्हतं. फेकी दिनं." फोन बंद झाला.

नाना पुढच्या डोलकाठीपाशी एकटेच होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. कसं सांगावं याची जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरलो.

"नाना, पानी उनं."

त्यांनी मान वर केली. संकेतसारखी थट्टा करतोय का, हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावर तपासलं.

"काकूंशी बोललो. परवा आलं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. पाणी गल्लीतल्या बायांनी भरलं."

"किती?"

"सात हंडे, दोन पिंपं, माठ."

नानांचे ओठ हलले. ते मनात भांडी मांडून बघत होते, कुठला हंडा कुठे. "अन शिळं?"

"फेकून दिलं."

"ऐकत नही," नाना म्हणाले. मग कानावरची पेन्सिल काढली, परत खोचली. "आवाज कसा व्हता?"

"मोठा. माझ्यावर ओरडल्या. मुका झाला का म्हणाल्या तुम्हाला."

"ओरडनी?" त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "चांगली ओरडनी?"

"चांगली."

नाना वळले. हत्यारांच्या पेटीमागून त्यांनी एक बाटली ओढून काढली, 'मंगळवार' लिहिलेली. बूच काढलं. मला वाटलं, पिणार. त्यांनी ती आख्खी बाटली आपल्या तोंडावर उपडी केली. डोळ्यांवर, गालांवर, बारीक धार वगैरे काही नाही, रस्ता दाखवणं नाही. भडाभडा ओतली. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर आणि सदऱ्यावरून डेकवर गळत राहिलं, आणि त्यात काय काय वाहून गेलं ते कोणाला कळायला मार्ग राहिला नाही.

यंत्र अजून बंद होतं. टाकी एक मीटरच्या खाली होती. नियमाप्रमाणे मी जाऊन कप्तानसाहेबांना सांगायला हवं होतं.

मी बाजूचं फडकं घेतलं आणि डेक पुसायला लागलो.